काठावरची चिमणी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
रीळचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईनं नवा चष्मा करायला साफ नकार दिला हे वाचून नवल वाटलं नाही. तिला जे बघायचं असतं ते त्या जुन्या चष्म्यातूनही बरोबर दिसतं. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं संपत नाही. अप्पांनी माझं नाव रीळ ठेवलं ते उगीच नव्हे.

इकडे दुपारच्या बायकांचा शिवणवर्ग जोरात आहे. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, आता पिशव्यांची साथ आली आहे. सूनबाईनं मला वाढदिवसाला कापड मागवून दिलं. मोबाईलवर म्हणे एक ठिकाण आहे, तिथे स्वतंत्र काम करणारे कलाकार आपापली नक्षी काढतात आणि आपण मागू तेवढंच कापड छापून पाठवतात. कापूस औषधं न फवारता पिकवलेला, शाई पाण्यात कालवलेली, वाया काही जायचं नाही, वेष्टनसुद्धा जुन्या कागदाचं. मी तिला म्हटलं, बाई गं, चिंधी टाकायची नाही आणि जुना कागद फेकायचा नाही हे आमच्या घरी जन्मापासून चालू होतं, फक्त तेव्हा त्याला पर्यावरण म्हणत नव्हते, ओढाताण म्हणत होते. ती हसली आणि तरी मागवलंच.

कापड मात्र दृष्ट लागावी असं आहे. मऊ, पण अंग धरून असलेलं. मातकट पांढऱ्यावर निळी नक्षी, आणि नक्षी कसली म्हणशील तर कात्रणांची. बाही बेतताना पडते ती चंद्रकोर, गळ्याचा अर्धा गोल, खिशाचा कोपरा. आपल्या दुकानाच्या फरशीवर संध्याकाळी पडलेलं असायचं तेच सगळं. आणि प्रत्येक कात्रणाला वरच्या अंगानं गवत फुटलेलं. मला फार गंमत वाटली. म्हटलं, कुणीतरी शिंप्याच्या घरचं माणूस असणार.

आता पुढचं बसून वाच. बाकीच्या बायका कापडाचा काठ कापून टाकतात, मी पिशवीच्या बंदांसाठी ठेवते. तो कापायला घेतला, तर छपाईच्या रंगांचे ठिपके असतात ना, त्यांच्याशेजारी एक चिमणी छापलेली. खडूनं काढल्यासारखी. हात न उचलता एका रेघेत काढलेली, डोळा नाही, शेपटी उघडी सोडलेली. ताई, अप्पांची चिमणी. माझ्या हातातली कात्री सुटली, सूनबाईचा पाय थोडक्यात वाचला.

तिला समजावून सांगताना मला घाम फुटला. बाकीचे शिंपी कापडाची वरची बाजू लक्षात राहावी म्हणून खडूनं बाण काढतात. अप्पा चिमणी काढायचे, चोच वर, गळ्याकडे. बाण काय कुणीही काढतो, असं म्हणायचे. ही खूण जगात फक्त आपल्या दुकानात होती आणि ती आपण तिघंच शिकलो होतो: तू, मी आणि दादा.

आणि या चिमणीची चोच खाली आहे. गवत वर चाललंय आणि चिमणी खाली बघतेय. उलटी चिमणी काढणारा आपल्या घरात एकच होता आणि त्यापायीच तो घरातून गेला. चाळीसेक वर्षांत ज्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही, त्याची चिमणी माझ्या मांडीवर येऊन बसली आहे. काठाची एक पट्टी थोड्या नक्षीसकट सोबत पाठवते, तूच बघ.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. माझ्या बडबडीसकट माझ्यावर लोभ असू दे.

तुझी,
रीळ


९ फेब्रुवारी

चि. रीळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दारातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसले. पोस्टमन परत वळून विचारून गेला, काही वाईट बातमी आहे का म्हणून. वाईट म्हणावी तर काय वाईट, आणि चांगली म्हणायची कुठल्या तोंडानं.

आईनं आतून विचारलं, काय लिहितेय रीळ. मी थाप मारली की तुझं मशीन अडलंय. तर कुठून अडलंय ते विचारलं. घाईत मी शटल म्हणाले. तेव्हापासून ती शटलला कुठलं तेल घालावं ते तुला कळवायला सांगते आहे. तर घाल तेल, आणि पुढच्या पत्रात मशीन सुरू झाल्याचं लिही, म्हणजे मी सुटले.

तू उतावळी आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी खात्री करून घ्यावी म्हटलं. जगात चिमण्या काय थोड्या आहेत. अप्पांनी शिवलेला शेवटचा कोट ट्रंकेत आहे बघ, राखाडी, जो न्यायला गिऱ्हाईक आलंच नाही. आई शेजारी गेली तेव्हा तो काढला आणि उजव्या बाजूचं अस्तर खालून थोडं उसवलं. आत खडूची चिमणी आहे अजून, ऊनपाणी लागलेलं नाही म्हणून टिकली. तुझी पट्टी शेजारी धरली. रीळ, एकाच हातच्या वाटाव्यात अशा आहेत. एक घोळ मात्र कळला नाही. कोटातल्या चिमणीचीही चोच खाली आहे, कॉलरच्या उलट दिशेला. अप्पा शेवटी शेवटी थकले होते, त्यांचीही चूक झाली असेल.

तू तेव्हा लहान होतीस, तुला अर्धंच ठाऊक आहे. ज्या कोटापायी गुंड्या, तुझा दादा, घरातून गेला, तो वेगळा, एका जादूगाराचा होता. निळी मखमल. मखमलीला लव असते, ती एकाच दिशेनं बसली पाहिजे, नाहीतर उजेड पडला की एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. काम घाईचं होतं. अप्पांनी पुढचे भाग बेतले आणि गुंड्याला पहिल्यांदाच मखमल हातात दिली, पाठ आणि बाह्या बेतायला. त्याआधी तो अस्तरं आणि सुती कापड बेतायचा, त्यात वर काय आणि खाली काय, सगळं सारखंच. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात कुणाला काही दिसलं नाही. रंगमंचावरच्या दिव्यांत जादूगार पुढून निळा दिसला आणि वळला तेव्हा पाठीमागून काळा. लोक हसले. तोही मोठा माणूस, त्यानं भर दुकानात येऊन कोट अप्पांच्या अंगावर टाकला.

अप्पांनी उरलेली मखमल उलगडून पाहिली. गुंड्याच्या सगळ्या चिमण्या चोच खाली. गिऱ्हाइकांसमोर, कारागिरांसमोर त्याला बोलले. वर-खाली न कळणाऱ्यानं खडूला हात लावू नये, म्हणाले. संध्याकाळी गुंड्या गेला तो गेलाच, आणि अप्पांचा खडू घेऊन गेला. आपण त्याला मेलेला म्हटलं नाही, पण जिवंत आहे असंही कधी म्हटलं नाही. आईसमोर तर नावच काढायचं नाही, हा नियम कुणी केला ते आता आठवतही नाही.

तू त्या कापडवाल्यांना पत्र लिही. नाव-गाव सांगू नकोस, फक्त चिमणीबद्दल विचार. दुसऱ्या कुणाकडून कुठूनतरी उचललेली निघाली, तर मला ते तुझ्याकडूनच कळू दे. लोभ आहेच, पण या खेपेला त्याहून जास्त धीर हवा आहे, असला तर पाठव.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं, चक्क टपालानं. आमच्याकडे गिऱ्हाईक मोबाईलवर दोन शब्द टाकतं, नाहीतर काहीच टाकत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कापडाचा काठ जपून ठेवणाऱ्या तुम्ही मला भेटलेल्या पहिल्याच. तो छापताना मला नेहमी वाटतं की हे काही कुणी बघत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचा कारभार एवढासा आहे. दुचाकी दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, त्यात मोठं टेबल. नक्षी मी काढते. छपाई शेजारच्या गल्लीत होते. पाण्याची शाई वापरणारा आणि थोडकं काम घेणारा छपाईवाला मिळवायला मी अख्खं शहर पालथं घातलं होतं. मागणीप्रमाणे कापड कापणं आणि गुंडाळणं बाबांकडे. ते जन्मभर शिवणकाम करत आले, दुसऱ्यांच्या दुकानांत. मलाही त्याच टेबलावर त्यांच्यासमोर बसवून शिकवलं.

चिमणी त्यांची आहे. माझ्या प्रत्येक नक्षीच्या काठावर ती असते आणि तिची चोच खालीच असली पाहिजे, असा त्यांचा हट्ट आहे. एकदा मी काढली तेव्हा चोच वर आली. मला वाटलं, गवत वर जातंय तर चिमणीही वरच बघणार. बाबा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. पण छापून आलेला सगळा तागा बाजूला ठेवला आणि पुन्हा छापायला लावलं. काहीही वाया घालवायचं नाही म्हणणारा माणूस, आणि अख्खा तागा. मी हादरलेच. खूप मागे लागल्यावर एवढंच म्हणाले की ती चूक माझी आहे, ती सरळ करायची नाही, सरळ केली की मी विसरेन.

अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं म्हणून पुढचं लिहिते. त्यांना वर-खाली कळत नव्हतं म्हणे, आणि त्यामुळे एक कोट बिघडला, आणि त्या कोटाच्या धक्क्यानं त्यांचे वडील गेले. एकदा ते परत गेले होते. दुकानावर दुसऱ्याची पाटी होती. समोरच्या बटणवाल्यानं हे सगळं सांगितलं, आणि पुढे कुणाला विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. आमचं आता कुणी उरलेलं नाही, असं मला लहानपणापासून सांगत आले आहेत. त्या वडिलांचं, त्यांच्या अप्पांचं, नाव निघालं की आजही हातातलं काम थांबतं. माझी आई होती तोवर ती विषय बदलायची. आता मलाच बदलावा लागतो.

पाहा, तुम्ही चिमणीबद्दल विचारलंत आणि मी काय काय सांगत बसले. बडबडीची सवय कुणाकडून आली कोण जाणे, बाबा तर मुखदुर्बळ. तुमच्या पिशव्या झाल्या की फोटो पाठवा. न पाहिलेल्या माणसावर जितका ठेवता येतो तितका लोभ ठेवावा.

आपली,
कापडवाली


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तिचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? आपण मेलो गं. तू, मी, आई, सगळे. दादानं आपल्याला कधीच पोचवून टाकलं आणि आपल्याला पत्ताच नाही. मी रडेन असं सूनबाईला वाटत होतं. मी रडले नाही, मी चिडले. उठून सगळ्या उशांचे अभ्रे काढले आणि धुवायला टाकले, स्वच्छ होते तेसुद्धा. ती बिचारी दारात उभी राहून बघत होती.

मग राग ओसरला आणि दुसरंच काहीतरी ध्यानात आलं. ताई, हा माणूस इतकी वर्षं असं समजून जगतोय की त्यानं बापाला मारलं. त्या मुलीला वाढवताना, कापड कापताना, रोज. आणि मुद्दाम उलटी चिमणी काढून स्वतःला रोज आठवण करून देतोय. अप्पांचं छातीचं दुखणं तर मला समजायला लागल्यापासूनचं होतं. तो बटणवाला कुठल्या तोंडानं असं बोलला? आणि अप्पा गेल्यावर आई आणि मी लगेच तुझ्याकडे राहायला आलो नसतो तर त्याला दार तरी सापडलं असतं.

मुलगी मात्र गोड आहे. अक्षर तिचं आणि बडबड माझी. कुणाकडून आली म्हणून विचारते, आणि मी इथे आत्या बसले आहे. लगेच गाडीत बसून जावं असं वाटलं. मुलानं अडवलं. असं अचानक दारात उभी राहिलीस तर दोघांपैकी एकाचं हृदय बंद पडेल म्हणाला. त्याचंही खरं आहे.

आता आईला सांगावंच लागेल. इतकी वर्षं तिच्यासमोर त्याचं नाव काढलं नाही, आणि आता हे. तिचं वय बघता माझी छाती होत नाही. मी लांब आहे म्हणून सुटले, तूच सांग. जवळ कुणाला तरी बसवून सांग. लोभ तर असेलच, पण तू कळवशील तोवर मला झोप नाही हेही लक्षात असू दे.

तुझी,
रीळ

ता. क. मशीन सुरू झालं असं आईला सांग.


४ मार्च

चि. रीळ हिस,
अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना चहाला बोलावून ठेवलं होतं, न जाणो लागल्याच तर. त्या चहा पिऊन गेल्या. धक्का आईला बसला नाही, मला बसला. अजून मी ताळ्यावर नाही, तेव्हा पत्र मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

दुकानातलं अप्पांचं बेतायचं टेबल इथेही खिडकीपाशीच आहे ना, त्यावर आई इस्त्री करत होती. मी तुझं पत्र वाचलं, त्या मुलीचं वाचलं. आईनं इस्त्री उभी केली. पहिलं काय विचारलं असेल तर शटलचं खोटं होतं ना, हे. मी हो म्हटलं. मग टेबलाला धरून ती खिडकीकडे वळली. मला वाटलं, आता पडते की काय. तर तिनं शिवणाच्या डब्यातून खडू काढला.

अप्पा दुकानात उभे राहायचे तशी, खिडकीला पाठ करून ती उभी राहिली आणि टेबलावर चिमणी काढली. एका रेघेत. रीळ, आईला ती येते हे मला या वयात कळलं. चोच वर, म्हणजे तिच्यापासून लांब. मग मला म्हणाली, समोरच्या स्टुलावरची कुंडी काढ आणि बस. बसले. कापडाची पट्टी माझ्यासमोर ठेवायला लावली, गवत वर करून. आणि म्हणाली, आता बघ.

मी बघितलं. स्टुलावरून बघताना आईच्या चिमणीची चोच खाली होती. माझ्याकडे. पट्टीवरच्या चिमणीसारखी, अगदी तशीच.

तू आणि मी टाचण्या द्यायला अप्पांच्या शेजारी उभ्या राहायचो. खिडकीकडे तेवढीच जागा. गुंड्या धड बोलतही नव्हता तेव्हापासून आई त्याला समोर स्टुलावर बसवायची, पायात येऊ नये म्हणून. त्यानं चिमणी तिथून पाहिली आणि जशी पाहिली तशी काढली. जन्मभर तो ती बरोबरच काढत होता. सुती कापडात कुणाला दिसलं नाही, खडू झटकला की चिमणी उडाली. मखमल आली तेव्हा दिसलं.

मी आईला विचारलं, तुला हे कधी कळलं. तर म्हणाली, मला नाही, त्यांना कळलं. गुंड्या गेल्यावर काही महिन्यांनी एक बटण टेबलाखाली घरंगळलं, ते शोधायला अप्पा पलीकडे गेले, स्टुलावर टेकले आणि मान वर केली तर समोर त्यांचीच चिमणी, उलटी. दुकान बंद होईपर्यंत तिथून उठले नाहीत. घरी येऊन म्हणाले की पोरगं चुकत नव्हतं, मी दाखवलं तेच काढत होतं.

त्यानंतर अप्पा गावोगाव अस्तर आणायला जायचे आठवतंय? आणि रिकाम्या हातानं यायचे, आपण हसायचो की अप्पांना अस्तर पसंत पडत नाही. अस्तर कुठलं. शिंप्यांच्या दुकानांत शिरून टेबलांवरचा खडू बघत फिरत होते.

आणि तो राखाडी कोट. न्यायला गिऱ्हाईक आलं नाही म्हणून आपण ठेवून दिला तो. गुंड्याच्या मापाचा आहे. अप्पांनी शेवटच्या आजारपणात शिवला, आणि चोच खाली काढली ती थकून नव्हे. त्या स्टुलावर टेकले त्या दिवसापासून ते सगळ्या चिमण्या तशाच काढत होते. मी अस्तर उसवून चूक म्हणाले होते ना, ती ही.

इतकी वर्षं आम्हाला का सांगितलं नाहीस म्हणून मी जरा आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, सांगून काय करायचं होतं, ज्याला सांगायचं तो नव्हता. मग इस्त्री उचलून उरलेला अभ्रा पुरा केला. आता कागद घेऊन बसली आहे आणि मला जवळ येऊ देत नाही.

लोभ कुठे ठेवलाय ते आज शोधावं लागेल, सापडला की पाठवते.

तुझी,
ताई


५ मार्च

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे. तुझ्या बहिणी लिहून देते म्हणत होत्या. नको म्हटलं. एक खोडत बसेल आणि दुसरी वाढवत.

मी जिवंत आहे. दोघी बहिणीही आहेत. रीळ म्हणजे ती पत्र लिहिणारी बाई. मुलीला खोटं सांगितलंस ते तुझं तू निस्तर.

अप्पा कोटानं गेले नाहीत. छातीचं दुखणं तुझ्या जन्माआधीपासूनचं. त्या बटणवाल्यानं आयुष्यात कधी बटणंसुद्धा धड मोजून दिली नाहीत, त्याचं ऐकलंस आणि मला शोधलं नाहीस. याचा मला राग आहे. तो पत्रात मावणार नाही, समोर आलास की काढीन.

सोबत कोट आहे. तुझा आहे. उजव्या बाजूचं अस्तर ताईनं उसवलंय, ते मी तसंच ठेवायला सांगितलं. आत हात घाल आणि चिमणी बघ. चोच कुठे आहे ते बघ. अप्पांनी काढली आहे, माझ्यादेखत.

तुला वर-खाली कळत नव्हतं असं नाही. तुला मी समोर बसवलं होतं. बाकी सगळं सोबतच्या ताईच्या पत्रात आहे, ते मुलीकडून वाचून घे, डोळे बिघडले असतील तुझे.

स्टूल दुकानात होतं तसंच इथेही टेबलासमोर आहे. ताई त्यावर कुंडी ठेवते, काढायला लावली. पण तू आलास की त्यावर बसायचं नाहीस. खिडकीकडे बसायचं, उजेडात. समोर मी बसेन.

लोभ विचारू नये, आईच्या पत्रात तो लिहायचा नसतो.

आई


१६ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मला ही सुरुवात बरोबर आली आहे ना? आजीला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, परवापर्यंत मला आजीच नव्हती.

गठ्ठा आला तेव्हा मी खाली छपाईवाल्याशी बोलत होते. बाबांना वाटलं, कुणीतरी कापड परत पाठवलंय. मी वर आले तर ते टेबलापाशी उभे, समोर कोट, पत्र अजून बंद. उसवलेल्या अस्तरात हात घालून, आतली बाजू बाहेर काढून ते नुसते बघत होते. मग त्यांनी कोट टेबलावर पसरला, कॉलर लांब करून. पाहिला. पलीकडे गेले, माझ्या स्टुलावर बसले, तिथून पाहिला. पुन्हा इकडे आले. मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. पाणी आणायला धावले.

पत्रं मग मीच वाचून दाखवली, तुमचं आणि मोठ्या आत्याचं. बटणवाल्याजवळ मला थांबावं लागलं, बाबांनी हात वर केला म्हणून. टेबलाखाली घरंगळलेल्या बटणाजवळ पुन्हा. शेवटपर्यंत पोचलो तेव्हा ते कोटावर हात ठेवून म्हणाले, अप्पा माझ्या बाजूला येऊन बसले होते. हेच दोन-तीनदा म्हणाले, मला सांगत असल्यासारखं नाही. मग रडले. मी त्यांना याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा.

मला माझाही एक धक्का बसला आहे. मी काढलेल्या चिमणीची चोच वर आली, ज्यापायी अख्खा तागा पुन्हा छापावा लागला, ती माझी अक्कल नव्हती. मी बाबांच्या समोर बसून शिकले. त्यांची उलटी मला सुलटी दिसत होती. हे मी बाबांना दाखवलं तेव्हा ते रडता रडता हसायला लागले. तो तागा आम्ही टाकला नव्हता, माळ्यावर आहे. त्याचे पडदे करून आणू का? तुमच्या त्या खिडकीचं माप कळवा. धाकट्या आत्याला शिवायला लावू, आणि शटलला तेल घालायला सांगू.

कोट त्यांनी घालून पाहिला. पोटावर बटण लागत नाही, पण खांदे बरोबर बसतात. अस्तर मला शिवू देत नाहीत. तसाच घालून येणार म्हणतात. पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो. तुमचा राग तोवर सांभाळून ठेवा. बाबा म्हणतात, तो काढून घेण्यासाठीच आधी यायचं आहे.

लोभ वाढावा, असं शेवटी लिहितात म्हणे. आपला अजून सुरूच झालेला नाही, तेव्हा आधी सुरू व्हावा ही विनंती.

तुमची,
नात